एका तळहाताचं पिस्तूल

माझ्याकडे पिस्तूल आहे हे कळलं की समोरचा माणूस आधी आवाज खाली आणतो. मग विचारतो, "कशासाठी?" नेमबाजीसाठी, असं सांगितलं तरी त्याचं समाधान होत नाही. "ते ठीक आहे, पण उद्या वेळ आलीच तर?" या वेळेच्या कल्पनेत रात्र असते, कडी वाजवणारा चोर असतो आणि घरात एकटी बाई असते. मी आता याचं उत्तर आढेवेढे न घेता देते. माझं पिस्तूल त्या वेळेसाठी नाही. ते २५ मीटरवरच्या कागदावर पाच गोळ्या शक्य तितक्या जवळजवळ लावण्यासाठी आहे, आणि त्या एकाच कामासाठी ते इतक्या बारकाईने घडवलेलं आहे की दुसऱ्या कुठल्याही कामाला ते गैरसोयीचंच ठरेल.

पिस्तूल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पोलिसांच्या कमरेचं किंवा पडद्यावरचं पिस्तूल येतं. स्पर्धेचं पॉइंट टू-टू, म्हणजे ०.२२ इंची नळीचं पिस्तूल पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते विचित्रच वाटतं. पोलिसी पिस्तुलाचं मॅगझीन मुठीत असतं. इथे अनेक पिस्तुलांत ते ट्रिगरच्या पुढे असतं आणि स्पर्धेत त्यात पाचच काडतुसं भरायची असतात. नळी हाताच्या अगदी जवळ, खालच्या बाजूला बसवलेली असते, म्हणजे गोळी सुटताना धक्का मनगटाला वर न उचलता सरळ मागे खांद्याकडे जातो. मागे अक्रोडाच्या लाकडाची भलीमोठी ग्रिप. तिला तळहाताच्या खाली टेकायला एक कड असते, अंगठ्याला खोबण असते, बोटांना वेगवेगळी उंची असते. तिच्यात हात नीट बसवायलाच काही क्षण जातात. कमरेला खोचण्याचा तर प्रश्नच येत नाही.

नियमही तितकेच काटेकोर. पिस्तूल १,४०० ग्रॅमपेक्षा जड नको. ३० बाय १५ बाय ५ सेंटिमीटरच्या पेटीत ते मावलं पाहिजे. ट्रिगर ओढायला किमान १ किलोचा जोर लागला पाहिजे. सामन्याआधी तपासणीच्या टेबलावर खरोखरच ट्रिगरला १ किलोचं वजन अडकवून पिस्तूल वर उचलतात. वजन उचललं गेलं तर पास, त्याआधीच ट्रिगर सुटला तर परत जाऊन दुरुस्त करून आणा. मनगटाला कुठलाही आधार नको, ते उघडं दिसलं पाहिजे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एकच हात. दुसरा हात खिशात नाहीतर पट्ट्यात अडकवायचा आणि विसरून जायचा.

काडतूस इवलंसं असतं. साधारण इंचभर लांब, टोकाला ४० ग्रेनची म्हणजे सुमारे २.६ ग्रॅम शिशाची गोळी. गोळीचा व्यास ५.६ मिलिमीटर. हे काडतूस अमेरिकेत १८८७ मध्ये आलं आणि त्याची मूळ रचना आजही तीच आहे. पेट घेणारं रसायन पितळी बुडाच्या कडेत भरलेलं असतं, फायरिंग पिन त्या कडेवर आदळते. म्हणून ते रिमफायर. स्पर्धेच्या काडतुसांतून पिस्तुलाची गोळी ध्वनीपेक्षा कमी वेगाने जाते, त्यामुळे हवेत कडाका उठत नाही. पिस्तुलाचा जो आवाज येतो तो तेवढाच. धक्का इतका कमी की शाळकरी मुलगीही सहज पेलू शकते. या मवाळपणामुळेच ते शिकायला चांगलं. मोठ्या बोअरच्या, म्हणजे रुंद नळीच्या शस्त्रात धक्क्याची भीती आधी घालवावी लागते, इथे पहिल्या गोळीपासून लक्ष नेमाकडे देता येतं.

पण या लहानपणाला भुलायचं नाही. काडतुसांच्या डब्यावर धोक्याचं जे अंतर छापलेलं असतं ते दीड किलोमीटरहून जास्त असतं. "एवढीशी तर गोळी" असं कोणी म्हणालं की आमचे सर फार रागावतात. सर सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला पिस्तुलाला हातच लावू दिला नाही. नळी रिकामी असल्याचं दाखवणारा केशरी सेफ्टी फ्लॅग तिच्यात कसा घालायचा, टेबलावर पिस्तूल ठेवताना नळी कुठे असते, कुणी पुढे टार्गेटकडे गेलं असताना पिस्तुलापासून किती लांब उभं राहायचं, एवढंच. मला तो दिवस कंटाळवाणा वाटला नाही. उलट इथे काहीतरी गांभीर्याने केलं जातं, याचा आनंदच झाला.

महिलांची २५ मीटर पिस्तूल स्पर्धा १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकपासून आहे. तिचे दोन भाग. पहिला प्रिसिजन. पाच-पाच गोळ्यांच्या सहा फेऱ्या, प्रत्येक फेरीला ५ मिनिटं. टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटरचं. हातात वेळ भरपूर असतो आणि हा भरपूर वेळच त्रास देतो. दुसरा भाग रॅपिड. इथे दहाचं वर्तुळ दुप्पट, १०० मिलिमीटरचं, पण पिस्तूल खाली ४५ अंशांत धरून उभं राहायचं. लाल दिवा ७ सेकंद. मग हिरवा ३ सेकंद. त्या तीन सेकंदांत हात वर, नेम, एक गोळी, हात खाली. पुन्हा लाल. असं पाच वेळा झालं की एक फेरी. ३० गोळ्या अशा, ३० गोळ्या तशा, पूर्ण गुण ६००.

रॅपिड पाहायला थरारक असतं, पण माझा जीव प्रिसिजनमध्ये रमतो. त्याचं कारण सांगायला जरा भूमितीत शिरावं लागेल.

नवा माणूस हात लांब करून पिस्तूल धरतो तेव्हा त्याला पहिल्यांदा कळतं की आपला हात कधीच स्थिर नसतो. श्वास, हृदयाचे ठोके, खांद्याचे स्नायू, सगळं नळीच्या टोकाशी येऊन थरथरतं. मग तो ती थरथर थांबवायच्या मागे लागतो. दम कोंडतो, मूठ आवळतो, आणि काळ्या वर्तुळाच्या मधोमध नेम आला असं वाटताच ट्रिगर झटक्याने ओढतो. गोळी खाली डावीकडे जाते. उजव्या हाताच्या जवळजवळ प्रत्येक नवशिक्याची ती डावीकडे खालीच जाते.

नेम धरायला पिस्तुलावर दोन साईट असतात, मागे एक खाच आणि पुढे नळीच्या टोकाशी एक काळा चौकोनी ठोकळा. सरांनी एकदा फळ्यावर हे काढून दाखवलं. "मॅडम, हात हलणारच. तो हलू द्या. पुढचं साईट आणि मागचं साईट एकमेकांना सोडू देऊ नका." पुढे घरी कागदावर गणित मांडलं तेव्हा त्या वाक्याचं वजन कळलं. दोन साईटमधलं अंतर जास्तीत जास्त २२० मिलिमीटर असू शकतं. समजा आख्खा हात सरळच्या सरळ १० मिलिमीटर बाजूला सरकला, दोन्ही साईट मात्र एका रेषेत राहिली. गोळी टार्गेटवर १० मिलिमीटरच सरकेल. दहाचं वर्तुळ मध्यापासून २५ मिलिमीटरपर्यंत आहे, म्हणजे दहाच मिळाले. आता हात जागेवर आहे, पण पुढचं साईट मागच्या खाचेत फक्त १ मिलिमीटर एका बाजूला गेलं. २५ मीटरवर पोहोचेपर्यंत त्याचे सुमारे ११४ मिलिमीटर होतात. गोळी सहाच्या वर्तुळात. हाताच्या सेंटिमीटरभर थरथरीला माफी आणि मनगटाच्या मिलिमीटरभर वळण्याला चार गुणांचा दंड, असा हा हिशेब आहे.

म्हणून नजर टार्गेटवर ठेवायचीच नाही. ती पुढच्या साईटच्या काळ्या चौकोनी कडेवर ठेवायची. टार्गेट धूसर दिसलं पाहिजे. पुष्कळ जण काळ्या वर्तुळाच्या खाली, पांढऱ्या भागात नेम धरतात, कारण तिथे साईटच्या दोन्ही बाजूंची उजेडाची फट स्पष्ट दिसते. ज्याला मारायचं त्याच्याकडे बघायचं नाही, हे मनाला पटवायला मला फार काळ लागला. गोळी मारल्यावर लगेच मान वर करून भोक शोधायची ओढ तर अजून पूर्ण सुटलेली नाही.

चाळिशीनंतर यात डोळ्यांची भर पडते. पुढचं साईट हातभर अंतरावर. वाचायच्या चष्म्याने ते दिसत नाही आणि लांबच्या चष्म्याने त्याची कड विरघळते. नेमबाजीच्या चष्म्याला एकाच डोळ्यासमोर गोल भिंग असतं आणि दुसऱ्या डोळ्यासमोर छोटी पट्टी. त्या भिंगात लांबच्या नंबरापेक्षा साधारण अर्धा ते पाऊण प्लस जास्त घालतात. माझ्या चष्मेवाल्यांना हे समजावताना मी हात लांब करून अंगठा उभा धरला आणि म्हटलं, "मला फक्त एवढं नख स्वच्छ दिसायला हवंय, बाकी जग धूसर असलं तरी चालेल." त्यांनी मनापासून दखल घेतली, निरनिराळी भिंगं लावून पाहिली आणि नंबर अचूक काढून दिला.

सुरुवातीची बरीच वर्षं मी क्लबच्या पिस्तुलावर सराव केला. आपल्याकडे बहुतेक जण तसाच करतात. क्लबचं पिस्तूल म्हणजे अनेक हातांचं पिस्तूल. त्याची ग्रिप कुणा मोठ्या पंजाच्या पुरुषासाठी घेतलेली असते. माझं बोट ट्रिगरपर्यंत पोचायचं ते टोकाने. मूठ पूर्ण भरायची नाही, मग दर वेळी पिस्तूल उचललं की ते हातात थोडं वेगळं बसायचं. आज जी पकड तीच उद्या सापडेल याची खात्री नाही. आणि या खेळाचा सगळा डोलारा तर त्याच एका गोष्टीवर उभा आहे. तीच उभं राहण्याची पद्धत, तोच खांदा, तीच मूठ, तोच बोटाचा दाब, पुन्हा पुन्हा.

माझं स्वतःचं पिस्तूल आलं तेव्हा मी काही दिवस गोळी मारलीच नाही. ग्रिपवर काम केलं. आधी तळहाताची आकृती कागदावर काढून ग्रिपचा आकार निवडला होता, तरी लाकूड तयार येतं ते सरासरी हाताच्या मापाचं. आणि सरासरी हात कुणालाच नसतो. पिस्तूल घ्यायचं, डोळे मिटायचे, हात उचलायचा, स्थिर झाल्यावर डोळे उघडायचे. पुढचं साईट खाचेत मधोमध असेल तर ग्रिप बरोबर. माझं उजवीकडे जायचं. म्हणजे मनगट सरळ आणायला मी नकळत जोर लावत होते, आणि दमल्यावर तो जोर सुटला की गोळी त्याच बाजूला जाणार. मग ग्रिप काढायची, नुसतं लाकूड घेऊन बाल्कनीत बसायचं, गोल कानस आणि सँडपेपर. तळहाताला खडू लावून ग्रिप धरली की कुठे टेकतं आणि कुठे पोकळ राहतं ते लाकडावर उमटतं. जिथे टेकायला हवं पण टेकत नाही तिथे पुट्टी भरायची, वाळू द्यायची, पुन्हा घासायचं. घाई केली तर जास्त लाकूड जातं, म्हणून दोन हात मारायचे आणि पुन्हा धरून बघायचं. कोल्हापुरी चप्पल जशी वापरून वापरून त्या एका पायाचीच होऊन जाते, तशी ती ग्रिप माझी होत गेली. फरक इतकाच की चप्पल आपोआप बसते आणि इथे प्रत्येक कणाचा निर्णय मला घ्यावा लागला.

नियमांची मर्यादा इथेही आहे. तळहाताखालची कड ग्रिपशी ९० अंशांपेक्षा कमी कोन करता कामा नये, ती हाताला वेढून धरणारी नको. पिस्तूल हाताला बांधल्यासारखं होऊ नये, ते धरलं गेलं पाहिजे, असा त्याचा अर्थ. मला हा नियम अतिशय योग्य वाटतो. लाकूड हाताला जागा सांगेल, पण पेलायचं काम हातानेच करायचं.

ग्रिप सुटी असताना नवऱ्याने ती हातात घेऊन पाहिली. त्याच्या बोटांना कुठेच जागा सापडेना. करंगळी बाहेर, अंगठा खोबणीच्या पुढे. मला त्या क्षणी पिस्तूल माझं असल्याची जी जाणीव झाली ती परवाना हातात आला तेव्हाही झाली नव्हती. परवान्यावर माझा फोटो आहे, क्रमांक आहे, शिक्के आहेत. लाकडावर माझ्या तळव्याचे उंचवटे आणि खळगे आहेत.

ग्रिपचं काम कायमचं संपतही नाही. उन्हाळ्यात हात सुजरा असतो, घाम येतो, पकड घट्ट वाटते. थंडीत तोच तळहात आक्रसतो आणि लाकूड सैल भासतं. वयानुसार बोटांचे सांधे बदलतात. मोठे खेळाडूही स्पर्धेच्या प्रवासात किटमध्ये सँडपेपरचा तुकडा ठेवतात.

परवान्याविषयीही लिहायला हवं. हवेच्या दाबावर चालणाऱ्या एअर पिस्तुलाचं वेगळं आहे, ०.१७७ बोअरच्या एअर पिस्तुलाला आपल्याकडे परवाना लागत नाही आणि बहुतेक मुलं तिथूनच सुरुवात करतात. पॉइंट टू-टू मात्र आग्नेयास्त्र आहे. १९५९चा शस्त्र अधिनियम आणि २०१६चे नियम त्याला लागू. शहरात अर्ज पोलीस आयुक्तालयात जातो, जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे. स्थानिक पोलीस ठाण्याकडून चौकशी होते, शस्त्र सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र लागतं, घरी ते कसं ठेवणार याची हमी द्यावी लागते. काडतुसं घेताना प्रत्येक खरेदीची नोंद होते. २०१९च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच केली. खेळाडूंसाठी वेगळ्या तरतुदी आहेत. निवडणुका लागल्या की परवानाधारकांना शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात, त्या वेळी नेमबाजांना सूट मिळावी म्हणून संघटनेचं सदस्यत्व आणि स्पर्धांची कागदपत्रं दाखवावी लागतात.

लोक म्हणतात, किती हा त्रास. मला हा त्रास मान्य आहे, आणि हे मी वाट पाहून, खेटे घालून झाल्यावर म्हणते आहे. चौकशीसाठी हवालदार घरी आले होते. चहा झाला, कागद पाहून झाले. मग त्यांनी सासूबाईंना विचारलं, "आजी, सूनबाई रागीट आहेत का?" सासूबाईंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "राग येतो तिला. पण रागात हातात वस्तू घेत नाही कधी." हवालदारांनी मान हलवली आणि काहीतरी लिहून घेतलं. एवढ्या सगळ्या कागदांत इतका नेमका प्रश्न मला दुसरा दिसला नाही. पिस्तूल मागणाऱ्या प्रत्येकाच्या घरच्यांना हा विचारला गेला पाहिजे, आणि उत्तर ऐकूनच पुढचा शिक्का मारला गेला पाहिजे.

पिस्तूल घरात आलं की घर बदलतं, हे मी आधी गृहीत धरलं नव्हतं. भिंतीत बसवलेली तिजोरी, किल्ली माझ्याकडेच, काडतुसं वेगळ्या कुलपात. लहान मुलं येणार असली की कुलूप मी पुन्हा तपासते, बंद असल्याचं माहीत असूनही. घरी सराव करते तो रिकाम्या पिस्तुलाने. आम्ही त्याला होल्डिंग आणि ड्राय म्हणतो. समोर पांढरा कागद, टार्गेट नाहीच. हात उचलायचा, साईट जुळवायचं, धरून ठेवायचं, खाली आणायचं. ट्रिगर ओढताना साईट किंचितही हलता कामा नये. रिमफायरमध्ये रिकामी पिन चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीच्या कडेवर आपटून खूण पाडू शकते, म्हणून डमी काडतूस घालायचं, किंवा पिस्तुलातच ड्रायची वेगळी सोय असेल तर ती वापरायची. सुरू करण्याआधी चेंबर डोळ्यांनी बघायचं आणि बोटानेही चाचपायचं. माझा गोळीशिवायचा सराव गोळीच्या सरावापेक्षा कितीतरी जास्त आहे आणि जे काही सुधारलं ते बहुतेक त्या कोऱ्या कागदासमोर सुधारलं.

रेंजवरून आल्यावर आधी थंड पाण्याने आणि साबणाने हात धुवायचे, मग इतर गोष्टींना हात लावायचा. शिशाची धूळ दिसत नाही. रेंजवर खायचं नाही. या साध्या सवयी आहेत, पण पोरांना त्या कुणी तरी आवर्जून सांगाव्या लागतात.

खंडेनवमीला आमच्याकडे पाटावर शस्त्रं मांडतात. सासऱ्यांच्या घरी शस्त्रं म्हणजे विळी, कोयता, सुतारकामाची पटाशी आणि सासूबाईंचं शिवणयंत्र. पहिल्या वर्षी पिस्तूल त्यांच्या शेजारी ठेवायचं का, असा प्रश्न मला पडला होता. सासूबाई म्हणाल्या, "अगं, तुझ्या हातचं आहे ना ते? मग ठेव की." केशरी फ्लॅग घातलेलं, मॅगझीन काढलेलं पिस्तूल पटाशीच्या शेजारी ठेवलं, झेंडूचं फूल वाहिलं. मला ती जागा योग्य वाटली. पटाशीची धार आणि माझ्या ट्रिगरचा एक किलो, दोन्ही रोजच्या मेहनतीने राखावे लागतात.

मराठी माणसाचा या खेळाशी संबंध पुष्कळ जुना आहे, आणि तो आपल्याला फारसा ठाऊक नसतो याचं मला वाईट वाटतं. भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष होते दादासाहेब मावळंकर, लोकसभेचे पहिले सभापती. त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा आजही होते आणि राज्यातून वर जाणाऱ्या कितीतरी नेमबाजांना ती ओलांडावी लागते. मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. पुण्यात बालेवाडीला १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांच्या वेळी उभं राहिलेलं संकुल आहे. आणि कोल्हापूर तर आहेच.

कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २००६ मध्ये मेलबर्नच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदकं घेऊन आल्या, २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनमध्ये, म्हणजे पोटावर झोपून मारायच्या प्रकारात जगज्जेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे २०२४ मध्ये पॅरिसहून कांस्यपदक घेऊन आला. ही दोघं रायफलची. माझ्या प्रकारातलं नाव राही सरनोबत यांचं. २०१३ मध्ये दक्षिण कोरियातल्या चांगवॉनला विश्वचषकात २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण त्यांनी जिंकलं. पिस्तुलात विश्वचषकाचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय व्यक्ती. मग कोपराची दुखापत झाली. पिस्तूलवाल्यांना कोपर म्हणजे काय हे सांगायला नको. लांब केलेल्या एका हातावर किलोभर वजन, दिवसभरात शेकडो वेळा. त्या दुखापतीतून परत येऊन २२ ऑगस्ट २०१८ला जकार्ता-पालेम्बांगच्या आशियाई स्पर्धेत त्या अंतिम फेरीत उभ्या होत्या.

ती अंतिम फेरी मी आजवर अनेकदा पाहिली आहे. अंतिम फेरीत सगळ्या गोळ्या रॅपिडच्या, दहाचं वर्तुळही दशांशांत मोजलं जातं, आणि १०.२ किंवा त्याहून चांगली गोळी असेल तरच एक गुण. नुसत्या दहाला शून्य. पन्नास गोळ्यांनंतर राही आणि थायलंडची नेमबाज दोघी ३४वर बरोबरीत. मग शूट-ऑफ, बरोबरी फोडायला पाच जादा गोळ्या. त्यातही बरोबरी, ४-४. पुन्हा शूट-ऑफ. ३-२. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं वैयक्तिक सुवर्ण जिंकणारी पहिली भारतीय महिला. लोक त्यातला निकाल बघतात. मी दोन गोळ्यांच्या मधले सात सेकंद बघते. हात खाली, नजर समोर, चेहऱ्यावर काही नाही. दुसऱ्या शूट-ऑफच्या पाचव्या गोळीलाही हात त्याच वेगाने वर येतो ज्या वेगाने पहिल्या फेरीच्या पहिल्या गोळीला आला होता. ते बघताना माझ्या पोटात आजही गोळा येतो.

आमच्या रेंजवर एक मुलगी येते. नववीत आहे, एअर पिस्तुलावर पक्की झाली आहे आणि सरांनी तिला टू-टूवर घेतलं आहे. परवान्याला वयाची २१ वर्षं लागतात, पण बाराव्या वर्षापासून देखरेखीखाली सराव करता येतो, तेव्हा पुढची कितीतरी वर्षं तिला क्लबचंच पिस्तूल वापरायचं आहे. नव्या इटालियन किंवा जर्मन पिस्तुलाची किंमत लाखांत जाते, त्यामुळे २१ झाल्यावरही ते तिला परवडेल असं नाही. मध्यंतरी तिच्या गोळ्या सतत डावीकडे जात होत्या. घरचे म्हणाले, हिचं लक्ष लागत नाही. मी तिला डोळे मिटून हात उचलायला सांगितलं. डोळे उघडल्यावर साईट खाचेच्या पार कडेला. तिचं लक्ष अगदी जागेवर होतं. ग्रिप तिच्या हाताची नव्हती.

कडक परवाना हवाच, असं मी मनापासून म्हणते. पण तो परवाना ज्यांना मिळायला वेळ आहे, आणि ज्यांना पिस्तूल विकत घेणं जमणार नाही, त्यांच्या हातात निदान बसणारं लाकूड तरी दिलं पाहिजे. पिस्तुलाच्या किमतीपुढे ग्रिपचा खर्च अगदी थोडा असतो. तिला परवाना लागत नाही, ती एका स्क्रूने निघते आणि लागते. मुलीने आपली ग्रिप दप्तरात आणावी, क्लबच्या पिस्तुलाला लावावी, सराव करून काढून न्यावी, इतकं सोपं आहे ते. तरी क्लबवाले पिस्तुलांची संख्या मोजतात आणि सगळ्या ग्रिप मोठ्या मापाच्या घेतात. मी आमच्या बैठकीत हे मांडलं, सरांनी दुजोरा दिला, आणि लहान मापाच्या ग्रिप मागवायचं ठरलं. त्या मुलीची ग्रिप आम्ही दोघी रविवारी घासायला बसतो. डावखुऱ्या मुलांसाठी आमच्याकडे अजून एकही नाही. पुढच्या बैठकीत तोच विषय आहे.